अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी

१६ नोव्हेंबर २०१५, सोमवार

बीडला जाऊन हयातीचा दाखला दिला. खिडकीतल्या साहेबांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि मी जिवंत असल्याचं मान्य केलं. एवढ्याशा कामाला अख्खा दिवस. पण वाया नाही गेला. स्टँडवर कॉलेजच्या मुली पत्रक वाटत होत्या, 'हरित जीवनाचे बारा सोपे मार्ग'. लोक त्याच्यावर भजी घेऊन खात होते. मी मात्र एसटीत कड्याच्या स्टँडपर्यंत वाचत आलो आणि पुढं गावापर्यंत काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून पुन्हा वाचलं.

डोक्यात लख्ख उजेड पडला.

सौ. विमल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. दिवाळीला येणार होती. नातू झाला, दिवाळीही झाली. परवा फोनवर म्हणाली, पाण्याचं काही सोपं झालं तर गुढीपाडव्याला येते, न्हाईतर माझा खांदा आता घागर उचलत न्हाई. म्हणजे अडचण फक्त पाण्याची आहे. माझ्याबद्दल काही तक्रार नाही. दुष्काळ काही माझ्या हातात नाही, पण पाणी कमी वापरणं आहे! पाणीच लागलं नाही तर घागर उचलायचा प्रश्न येतो कुठं?

पाडव्याला घर हरित पाहिजे. मग ती कशाला पुण्यात राहील.

१७ नोव्हेंबर

एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या ऑफिसात बसून सभांची इतिवृत्तं लिहिली. रीतसर ठरावाशिवाय काम होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून आज घराची सभा बोलावली. स्थळ ओसरी, वेळ सकाळी अकरा. एकूण सभासद दोन, मी आणि सौ. हजर एक. गणपूर्ती होईना. सभा तहकूब.

पण सहकारातला माणूस घाबरत नसतो. प्रत्येक सभेच्या नोटिशीत तळाला छापलेलं असतं, गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. आमच्या कारखान्याच्या सगळ्या मोठ्या सभा अशाच पार पडल्या. सभासद जेवणाच्या टायमाला यायचे, तोवर सगळे विषय मंजूर असायचे.

अर्धा तास ओसरीवर एकटाच बसलो. साडेअकराला सभा सुरू. ठराव : हे घर हरित करण्यात यावे. सूचक मी, अनुमोदक मी. विरोध करणारी पुण्यात. एकमताने मंजूर. चहा स्वतःच करून घेतला.

१८ नोव्हेंबर

पत्रक हातात घेऊन घराची तपासणी केली. एसी चोवीस अंशांवर ठेवा म्हणतात. आपल्याकडं एसीच नाही, म्हणजे पालन झालं. शॉवरखाली जास्त वेळ उभे राहू नका. शॉवर नाही. पालन. मोटारीऐवजी सायकल वापरा. दोन्ही नाहीत. डबल पालन. लिफ्टऐवजी जिना वापरा, यावर जरा अडलो. माळवदावर जायला शिडी आहे. चढून उतरलो. गुडघा दुखला, पण पालन झालं.

दुपारपर्यंत बारापैकी सात मार्ग पूर्ण. इतक्या वेगानं जिल्ह्यात कुणी हरित झालं नसेल.

२२ नोव्हेंबर, रविवार

सौ.चा फोन. बाळाला सर्दी, सुनेला झोप नाही, वगैरे. माझ्या योजनेबद्दल मुद्दाम काही बोललो नाही. पाडव्याला डोळ्यानंच बघू दे. ठेवता ठेवता म्हणाली, माझ्या मोगऱ्याकडं बघताव ना?

मोगरा मोरीच्या मागं, पाणी बाहेर पडतं तिथं आहे. तिनंच कधीतरी काडी खोचली होती. उन्हाळ्यात सगळी ओसरी दरवळते. त्याला कुणी मुद्दाम पाणी घातलेलं मला तरी आठवत नाही, त्यामुळं त्याची काही काळजी नाही. बघतो म्हणालो.

२५ नोव्हेंबर

अंघोळ बंद. ओल्या पंच्यानं अंग पुसणे सुरू. ताट घासणे बंद, पळसाच्या पत्रावळीवर जेवतो. पातेलं एकच, ते राखेनं कोरडं घासून फडक्यानं पुसायचं. दिवसभरात मोरीत थेंब पडला नाही. लईच भारी वाटलं.

भिंतीपलीकडच्या भिवराबाईनं पाहिलं. तिचा गहिनीनाथ आणि सून मनकर्णा ऊस तोडायला गेलेत, ती आणि दोन शेळ्या मागं राहिल्यात. म्हणाली, कावून असं करताव हो भाऊ, सुतक हाय का काय? मी तिला हरित जीवन समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, विमलबाईला लवकर बोलवून घ्या.

सगळ्यांना तेच दिसतं. योजना कुणाला दिसत नाही.

२ डिसेंबर

ऐतिहासिक दिवस. टँकर आला. घरटी एक टिपाड, म्हणजे एक मोठं पिंप पाणी, असा नियम. माझा नंबर आला तेव्हा सगळ्या लायनीसमोर जाहीर केलं की आजपासून मी अर्धंच टिपाड घेणार, उरलेलं अर्धं भिवराबाईच्या टिपाडात ओतावं. टँकरवाला बंकट म्हणाला, काका, दुष्काळात पानी सोडू नका, पुन्ना लायनीत लागाया लई जड जातंय. त्याला म्हणालो, मी विचारपूर्वक बोलतोय. आश्रुबा, माझा शाळेपासूनचा मित्र, म्हणाला, काय बे मोहन, ऊन लागलं का तुला? थट्टेनं म्हणाला. पण लोकांच्या डोळ्यांत आदर होता.

अर्ध्या टिपाडातल्या घागरीसुद्धा भिवराबाईच रांजणात ओतून गेली. मी आणणारच होतो, पण ती ऐकेना.

१४ डिसेंबर

खतासाठी अंगणात खड्डा खणला. ओला कचरा त्यात टाकायचा, सहा महिन्यांत काळं सोनं. आजचा ओला कचरा : अर्ध्या कांद्याचं साल. टाकलं आणि आत फडकं आणायला गेलो. आलो तर भिवराबाईची शेळी खड्ड्यात उतरून उभी. साल गायब.

२० डिसेंबर

खड्डा रिकामाच आहे. एक माणूस कचरा तरी किती करणार. पूर्वी दोन-दोन दिवसाला टोपलं भरायचं, भाजीचे देठ, शेंगांची टरफलं. विमल दाणे सोलत बोलत बसायची, मी पेपर वाचायचो. आता घरात कचरा शून्य. पत्रकात हेच ध्येय सांगितलंय.

२७ डिसेंबर

एकट्यानं हरित होऊन भागत नाही, सहकार पाहिजे. 'हरित घर सहकारी मंडळ (नियोजित)' स्थापन करायचं ठरवलं. अकरा सभासद लागतील. सकाळीच कोरी टोपी घालून निघालो.

निम्म्या घरांना कुलपं. सगळे उसाला. एका दारापुढं सवयीनं कडी वाजवली आणि मग कुलूप दिसलं. तरी थोडा वेळ थांबलो. जी घरं उघडी होती तिथं म्हातारी माणसं. एकानं विचारलं, मंडळात जेवण असतंय का? दुसऱ्याला ऐकू कमी येतं, तो मला बसवून घेऊन तासभर भलतंच बोलत राहिला. मलाही घाई नव्हती. बरं वाटलं.

आजअखेर सभासद : मी आणि भिवराबाई. तिनं विचारलंही नाही कशाचं मंडळ. कशाचं का असंना भाऊ, म्हणाली. अध्यक्षपदी माझी निवड.

१५ जानेवारी २०१६, संक्रांत

सौ. आली नाही. येणार असं म्हणालीही नव्हती. तरी मी दहाच्या एसटीला स्टॉपवर जाऊन आलो, पाय मोकळे करायला. आश्रुबानं तिळगूळ दिला.

संध्याकाळी फोन झाला. थोडक्यात. तिथं बाळ रडत होतं. मोगऱ्याला नवी फूट आली का, विचारलं. तजेलदार आहे म्हणालो. अंधार होता, त्यामुळं नक्की दिसलं नव्हतं.

२९ जानेवारी

वीज बचतीत अपूर्व यश. टीव्ही बंद, पंखा बंद. दिवस मावळला की अंथरुणावर. बिल उघडून पाहिलं तर मीटर रीडिंगच्या जागी 'घर बंद'. चौकशी केली. रीडिंगवाला पोरगा म्हणाला, दारातून हाक मारली, कुनी व्हतं का न्हाई कळलं न्हाई, दोन म्हैने तसंच लिव्हतोय. मी आतच असणार. पडलो असेन.

हे तत्त्व म्हणून चांगलंच आहे. इतका कमी वापर की सरकारलाही माणूस सापडू नये.

११ फेब्रुवारी

मोगऱ्याची पानं पिवळी पडलीत. ऋतू असेल.

२५ फेब्रुवारी

पिवळी पानं गळाली. सकाळी अकराला सभा, गणपूर्ती नाही, अर्ध्या तासानं पुन्हा सभा. ठराव : मोगरा विश्रांती घेत असून त्याला व्यत्यय आणू नये. एकमताने मंजूर. झाडं माणसापेक्षा शहाणी असतात. आपली वेळ आली की फुलतात.

७ मार्च, महाशिवरात्र

उपास. भांडी नाहीत, पत्रावळ नाही, चूल नाही. आजचा दिवस सगळ्यात हरित.

घरात आवाज नसतो हल्ली. विमल होती तेव्हा सकाळी भांड्यांच्या आदळआपटीनं जाग यायची आणि मी ओरडायचो, हळू, कारखाना आहे का हा? आता जाग आपोआप येते. फार लवकर येते. येऊन करायचं काय, हा प्रश्न पत्रकात नाही.

काल तिचा फोन आला नाही. मीही केला नाही, बाळ झोपलं असेल.

२४ मार्च, धूळवड

मुलाचा, धर्मराजचा फोन. पाडव्याला सगळे येताहेत! मित्राची गाडी मिळाली. आई बाळाला घेऊन येती म्हणाला. पुढं काय म्हणाला ते ऐकूच आलं नाही, मी भिवराबाईला सांगायला अंगणात पळालो होतो. फोन हातातच.

सगळं ठरल्याप्रमाणं झालं. पाण्याचं सोपं झालं तर येईन म्हणाली होती, मी सोपं केलं. आता येऊन राहील. ओसरी झाडली. तिचा पाट खाली काढून पुसला.

२५ मार्च

मोगऱ्याला कळी आली का बघायला मोरीमागं गेलो. नुसत्या काड्या. एक मोडली तर कट्कन मोडली.

अर्धी घागर पाणी घातलं. ते जमिनीनं एका दमात पिऊन टाकलं. दुपारी परत घातलं. आता टँकर पाच दिवसाला येतो आणि माझा हिस्सा अर्धाच. बंकटला म्हणालो, आजपासून माझं पूर्ण टिपाड चालू कर. तो म्हणाला, काका, तुमचं अर्धं तर भिवरामावशीच्या नावानं लिव्हलं ना पंचायतीनं, आता कुनाचं तोडू? लोकांच्या डोळ्यांत या वेळी आदर नव्हता.

भिवराबाई न मागता एक हंडा देऊन गेली. म्हणाली, घाला बापडं. पण ह्यो काय उठतोय असं दिसत न्हाई, भाऊ.

बाईमाणसाला धीर कमी.

३ एप्रिल

कड्याच्या बाजारात मोगऱ्याचं रोप मिळालं. प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. तत्त्वाचा प्रश्न होता, पण विकणारा म्हणाला पिशवी काढली तर मुळं मरतील. धोतराच्या सोग्यात झाकून आणलं. जुन्याच्या शेजारी लावलं. चार पानं, एक कळीही. विमलला फरक कळणार नाही. फार बारकाईनं बघणारी नाही ती.

४ एप्रिल

शेळीनं खाल्लं. कळीसकट. मंडळात माझ्याखेरीज असलेल्या एकमेव सभासदाचीच शेळी, कारवाई कुणावर करणार. भिवराबाई रडवेली झाली. मीच तिला म्हणालो, जाऊ द्या, जनावर आहे.

७ एप्रिल

उद्या पाडवा. चौघांचा स्वयंपाक म्हणजे रांजण भरलेला पाहिजे. भिवराबाईला ताप आहे, म्हणून टिपाडापासून रांजणापर्यंत घागरी स्वतः नेल्या. वाटेत तीनदा टेकलो. हल्लीच्या घागरी फार जड करतात. खांदा इतका दुखतोय की हात वर होत नाही. सौ.ला सांगायचं नाही, तिला उगीच काळजी.

८ एप्रिल, गुढीपाडवा

आज ऐनवेळचे विषय फार आले. क्रमानं लिहितो.

दहाला गाडी आली. नातू माझ्यावर गेलाय. गुढी मी उभारून ठेवली होती, जरा वाकडी. विमल खांद्यावर बाळ घेऊन सगळं घर फिरली. पत्रावळी, एकच पातेलं, कोरडा खड्डा. मी सगळं समजावून सांगत मागं मागं होतो. मोरीत गेली आणि थांबली. मोरी ठणठणीत कोरडी. पाणी जायच्या भोकाला कोळ्याचं जाळं. म्हणाली, अवो, राहताव का नुसतं झोपताव हितं?

मग मागं गेली. मी म्हणालो, तो विश्रांती घेतोय. तिनं नखानं काडी खरवडली. रागावली नाही. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. नुसतं म्हणाली, ह्याला पानी कुनी घालतच नव्हतं. दोघांची दोन टायमाची भांडी घासली की त्याचं भागायचं.

पुरणपोळ्या केल्या तिनं. पुण्याचं तूप आणलं होतं. ताटं काढली, पत्रावळीला हात लावला नाही. मी चार खाल्ल्या. बाळ मांडीवर झोपलं, पाय अवघडला तरी हललो नाही.

जेवण झाल्यावर म्हणाली, तुमीच चला तिकडं. हितं काय हाय?

मी म्हणालो, मंडळाची जबाबदारी आहे. अध्यक्ष आहे मी.

धर्मराज म्हणाला, चला की अण्णा. पण तो घराच्या सभेचा सभासद नाही, त्याला मत नाही. बाजूनं एक मत, विरोधात एक. समसमान मतं पडली तर अध्यक्षाचं मत निर्णायक, असा नियम आहे. ठराव फेटाळला गेला.

विमल म्हणाली, बरं.

ती राहणार नव्हतीच. सूनबाई पुढच्या महिन्यात कामावर जाणार, बाळाला कोण बघणार. धर्मराजनं हे मला चोवीस मार्चलाच फोनवर सांगितलं होतं म्हणे. दिवस मावळायच्या आत पोचू म्हणाला, मग गडबड झाली. भांडी घासायचीसुद्धा राहिली. गाडीत बसल्यावर तिनं काच खाली केली. मला वाटलं पुन्हा विचारेल. मी तयार होतो. चपलासुद्धा पायात होत्या. तिनं म्हटलं, टोपल्यात चार पोळ्या हायेत, सकाळी खा.

आज गणपूर्ती होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा अर्धा तास थांबावं लागलं नाही. आणि मी तिच्याविरुद्ध मत दिलं. एकदाच तर विचारलं तिनं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो.

९ एप्रिल, शनिवार

सकाळी पोळ्या खाल्ल्या. अकराला ओसरीवर सभा. विषय : पुण्याला जाण्याबाबत कालच्या ठरावाचा फेरविचार. हजर एक. गणपूर्ती नाही. तहकूब.

अर्धा तास बसवेना. मोरीत कालची खरकटी ताटं तशीच पडली होती. तिचं कोणतं ते ओळखू आलं, तिच्या ताटात मीठ कायम उरलेलं असतं. घासणी घेतली, पाणी घेतलं, बादलीभर. कोळ्याचं जाळं वाहून गेलं. चार ताटं, चार वाट्या, परात. पाणी मोगऱ्याकडं निघालं. मागं जाऊन पाहिलं, माती काळी झाली होती. परत येऊन मांडणीवरची बाकीची भांडी खाली काढली. स्वच्छच होती. तीही घासली. लग्नातली पितळी, सणाची ताटं, डबे, झाकण्या. खांदा ठणकत होता. रांजण तळाला गेला. बचत वगैरे आज काही नाही.

एक झाकणी हातातून निसटली आणि मोरीभर घणघणली. भिंतीपलीकडनं भिवराबाईची हाक आली, ताप उतरला असावा, आवाजात आनंद होता. म्हणाली, विमलबाई राहिल्या व्हय? भांड्याचा आवाज आला म्हनून इचारते.

म्हणालो, न्हाई, मीच हाय.

मी झाकणी उचलून ठेवली. अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. सभा घेतली नाही.